पाटीवरचा चान दादा

ग्वांगचौ,
पितरांच्या चिंगमिंग सणाच्या आदल्या दिवशी, दुपारी

पूज्य दादास,

शेपटाचा त्रिवार साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांनी संप केल्यामुळे प्रत्यक्षात एकही घातलेला नाही. चहाच्या पेल्याशेजारी दोन बोटं टेबलावर तीनदा वाजवली. चहा ओतणाऱ्याला जो नमस्कार चालतो तो थोरल्या भावाला का चालू नये, असा वाद मी घातला आणि जिंकलो. समोर दुसरं कुणी नव्हतं.)

तुझी प्रकृती कशी आहे? पत्राच्या सुरुवातीला प्रकृती विचारावी असं मी जन्मभर शाळेत पोरांना शिकवलं, त्यामुळे हात आपोआप तिकडे वळतो. पण ज्याची प्रकृती आता पुन्हा कधीच बिघडणार नाही अशा माणसाला काय विचारायचं, ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तेव्हा विचारलं असं समज आणि 'ठीक आहे' असं तू म्हणालास असं मी समजतो. हे पत्र उद्या तुझ्या नावाच्या कागदी वस्तूंच्या पुडक्याबरोबर जाळायचं आहे. तू जिथे आहेस तिथलं टपाल धुरानेच जातं. म्हणून अक्षराकडे लक्ष देऊ नकोस, राख सगळ्यांची सारखीच दिसते. ते अशुभ अक्षर मात्र मी इथेही लिहिणार नाही. ते कुणीच उच्चारलं नाही म्हणून तर सगळा घोटाळा झाला, तरीही नाही.

इकडचं क्षेम म्हणावं तर भिंतींना घाम फुटायचे दिवस चालू आहेत. आरशाला पाणी, फरशीला पाणी, तू पाठवलेल्या लग्नाच्या फोटोवर पाणी. त्यात डोमिटिला वहिनी नदीतून नुकत्याच वर आल्यासारख्या दिसतात. माझी लेक सौ-लिन अजून बटणं आणि चेनी विकते, ठोक. तिच्या दुकानात उभं राहिलं की जगातले सगळे सदरे उघडे पडले आहेत आणि आपणच त्यांना बटणं लावून देणार आहोत असं वाटतं. अक्राचा माणूस जाडी बटणं मागतो, दुबईचा सोनेरी, ढाक्याचा पोतंभर. आपल्या शहराची ही जुनी खोड. सगळ्या जगाला काही ना काही पाठवायचं, रेशीम म्हणू नकोस, चहा म्हणू नकोस, बशा म्हणू नकोस, माणसंसुद्धा. आणि मग नदीकाठी उभं राहून कवितेला लागायचं. मी शाळेत असल्यापासून काठावर उभा आहे. एक कडवं जमलंय, तुला आवडणार नाही, तरी देतो:

नदी निघाली समुद्राला, तिला कुणी पत्ता विचारत नाही;
समुद्र माघारी येत नाही, राग त्याचा कुणी धरत नाही.

(बाबांनी धरला. मुलाचं नाव स्वतःच 'लांबची सफर' या अर्थाचं ठेवायचं आणि मग तो सफरीला गेला म्हणून मरेपर्यंत रुसायचं! बघ, लिहिलं गेलंच ते अक्षर. खोडत नाही. बाबांना चालेल, ते स्पष्टवक्ते होते.)

आता घोटाळा सांगतो. तू येणार म्हणून आम्ही सगळे तयारीत होतो. तिकीट चिंगमिंगच्या आठवड्याचं होतं. आईबाबांच्या थडग्यांच्या डोंगरावर दोघांनी मिळून जायचं, आधी नदीवर होडीतली पेज खायची, तू फोनवर रोज एकेक पदार्थ वाढवत होतास. आणि तिकिटाच्या तारखेच्या बरंच आधी एका सकाळी फोनवर तुझ्या रामिरोचा आवाजातला निरोप आला. तुझ्या मुलाला आपली भाषा किती येते ते तुला ठाऊक आहे. ती तू त्याला तुमच्या खानावळीच्या भट्टीपाशी शिकवलीस. 'तेल तापलं', 'मासा संपला', 'सहा नंबरला वाढ', 'गिऱ्हाईक उठलं' एवढ्यावर त्या पोराने आयुष्य काढलं आणि लिमातल्या अर्ध्या गावाला भात खाऊ घातला. तर निरोप असा: "काका, बाबा निघाले." मग बरीच खरखर. मग पुन्हा, "बाबा निघाले, काका."

आपल्यात कुणी जगाचा निरोप घेतला की 'निघाले' म्हणतात, हे मला माहीत नाही का? मी त्यावर वर्गात अख्खा तास घ्यायचो! 'निघाले', 'दूर गेले', 'सारसावर बसून पश्चिमेला गेले', एकेक फळ्यावर लिहून पोरांकडून घोकून घ्यायचो. आपण त्या अक्षराला इतके भितो की चार हा आकडा तसाच ऐकू येतो म्हणून आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकदम पाचवा चढवलाय. (मी पाचव्यावर राहतो. म्हणजे चौथ्यावर. पण ते जिन्याला माहीत, मला नाही.) एवढं सगळं शिकवणारा मास्तर मी, आणि मी तो निरोप ऐकून काय समजलो? तू निघालास. पिशवी घेऊन, टोपी घालून, विमानाने. तारखेआधी का, तर तुला धीर कधी होता! लहानपणी उकडलेल्या पावाची टोपली उघडायच्या आधी तुझी बोटं भाजलेली असायची.

सौ-लिनला दुकानात फोन केला. ती गिऱ्हाइकांत होती. म्हणाली, "बाबा, मोठ्या काकांचं तिकीट इतक्यात नव्हतं. नीट ऐकलंत ना?"

"मी भाषेचा मास्तर आहे."

"म्हणूनच विचारतेय. तो निरोप मला पाठवा बघू."

"निरोप माझ्या भावाचा आहे, तुझ्या बटणांचा नाही," असं म्हणून मी फोन ठेवला. आजवरच्या माझ्या फटकळ बोलण्यांत हे एक चांगलं जमलं असं मला जिना उतरेपर्यंत वाटत होतं.

मग माझी तयारी. कोपऱ्यावरून अख्खा भाजलेला हंस घेतला (कवितेतला नव्हे, दुकानातला, मान लोंबकळणारा). अंगात तू मागच्या खेपेला आणलेला तिकडच्या लामा प्राण्याच्या लोकरीचा स्वेटर चढवला. आठवतंय, सगळ्यांचे परदेशातले भाऊ पंखे आणत होते आणि तू ग्वांगचौच्या उकाड्यात स्वेटर घेऊन उतरलास? गल्ली किती हसली होती! तेव्हापासून तो मी एकदाही घातला नव्हता. पण तू मला ओळखणार कशाने? तेव्हा माझे केस काळे होते आणि दात स्वतःचे. भिंतींना घाम आणि मला घाम, अशी आमची यात्रा पांढऱ्या ढगांच्या नावाच्या विमानतळावर पोचली. (हे नाव ज्याने दिलं त्याला माझ्या वर्गात पैकीच्या पैकी. प्रिय माणूस पांढऱ्या ढगांत उतरणार, आणि खाली त्याचा भाऊ हंस घेऊन उभा. आणखी काय हवं कवितेला?)

आणि पाटी. तिथे सगळे ड्रायव्हर पाट्या धरून उभे असतात. मीही चांगल्या जाड कागदावर, ब्रशने, शाई ओघळू न देता पाटी केली होती. पण दादा, मोठ्या भावाचं नाव धाकट्याने घ्यायचं नाही, लिहायचं तर नाहीच. आईने यासाठी माझा कान किती वेळा लांब केलाय! तेव्हा मी पाटीवर लिहिलं: 'चान दादा'. बस्स.

आता ज्या शहरातून गेली कित्येक शतकं चान नावाची माणसं जहाजं भरभरून बाहेर गेली, त्या शहराच्या विमानतळावर 'चान दादा' अशी पाटी धरणं म्हणजे भर जत्रेत 'ए बाळा' म्हणून हाक मारण्यासारखं. पहिला चान दादा जकार्ताहून आला. त्याला आपली भाषा येईना, मला त्याची. त्याने मला कडकडून मिठी मारली, स्वेटरवर डोकं टेकून रडला आणि बॅग माझ्या हातात दिली. त्याचा खरा भाचा मागून ओरडत आला, "ओ आजोबा, आमचा चान सोडा!" मग मादागास्करच्या एक चान आजी आल्या. 'दादा' हा शब्द त्यांना वाचता येत नव्हता, फक्त चान येत होतं. मी नुसती मान हलवली तर रागावून म्हणाल्या, "इतक्या लांबून आले आणि न्यायला पाठवलं ते असलं ध्यान!" हे वाक्य मात्र अस्सल आपल्या गल्लीतलं, एका स्वराचा फरक नाही. भाषा अशीच टिकते दादा, शिव्यांच्या आधाराने.

तिसरा चान दादा चांगला ताडमाड उंच. बाकारी त्याचं नाव, बामाकोचा. कापडाचे गठ्ठे पाठवतो. इथे उत्तरेच्या बाजारात चान नावाच्या म्हातारीच्या वरच्या खोलीत राहतो, म्हातारीने मुलगा मानलाय, म्हणून सगळा बाजार त्याला चान दादा म्हणतो. तो आपला सरळ माझ्यासमोर येऊन म्हणाला, "आईनं पाठवलं का मला न्यायला? आणि हा हंस माझ्यासाठी? लाडात आलीय म्हातारी!"

मी म्हणालो, "हा हंस माझ्या दादाचा आहे. तुम्ही दुसरे चान."

"सगळेच दुसरे असतात, काका. आधी हा स्वेटर काढा, नाहीतर तुमच्या दादाला इथे फक्त लोकर सापडेल."

स्वेटर मी काढला नाही. तो गेला नाही. माझ्याशेजारी बसला, बामाकोच्या भाजलेल्या बकऱ्याच्या गोष्टी सांगत. विमानं आली, माणसं आली. सगळ्या जगाचे काका आले, माम्या आल्या, टोप्या, फेटे, झगे आले. माझ्या कविमनाला भरती आली होती. मी बाकारीला हातवारे करून सांगत होतो की हे बघ, हेच आपलं बंदर, जे गेलं ते सगळं परत येतंय. तो ऐकत होता. दार पुन्हा मिटलं तेव्हा म्हणाला, "तुमचे दादा कुठल्या विमानाने येणार?"

ते मला माहीत नव्हतं. विचारायचं सुचलंच नव्हतं. म्हणून मी त्याला निरोप ऐकवला.

त्याने एकदा ऐकला. मग फोन माझ्या हातातून घेऊन कानाशी धरून पुन्हा ऐकला. मग म्हणाला, "काका, शब्द सोडा. नुसता आवाज ऐका."

"लिमाची लाइन खराब असते," मी म्हणालो.

"लाइन नाही ती." फोन परत देत म्हणाला, "आमच्याकडेपण असंच म्हणतात. निघाले."

दादा, ती खरखर म्हणजे तुझा मुलगा रडत होता. मी सकाळपासून ती कितीतरी वेळा ऐकली होती आणि प्रत्येक वेळी मला विमानाचा आवाज वाटला होता.

पाटी अजून माझ्या हातात तशीच वर धरलेली होती. ती पाहून आणखी एक चान आले, फार सभ्य, टोपी काढून उभे राहिले. बाकारीने त्यांना हळूच सांगितलं, "तुम्ही नाही, साहेब. यांचे दादा पुढे गेले."

घरी कसा आलो ते सौ-लिन सांगेल, मला नीट आठवत नाही. बाकारीने गाडी केली एवढं खरं. सौ-लिन दारात उभी होती. तिने माझ्या हातातून पाटी काढून घेतली.

तिकडे उजाडल्यावर रामिरोशी बोललो. तू पहाटे भट्टी पेटवायला उठलास आणि स्टुलावर बसल्या बसल्याच निघालास, तिकीट खिशात होतं, असं तो म्हणाला. म्हणजे हे सगळं त्याने स्वयंपाकघराच्या भाषेत सांगितलं: "भट्टी थंड. बाबा बसले. बाबा उठले नाहीत." माझ्या पुस्तकांत याहून चांगली ओळ नाही. मग त्याने विचारलं की राख तिकडे आणू का? बाबा म्हणायचे, पान झाडाखालीच पडायला हवं. पण आई इकडे आहे. बाबा दोन्ही म्हणायचे, काका. तुम्ही सांगा.

डोंगरावर आईबाबांच्या उजवीकडे मी तुझी जागा राखून ठेवली आहे हे तुला माहीत आहे. तिथल्या झुडपावर दर चिंगमिंगला कोयता चालवतो तो मीच. डावीकडे मी. अशी आपली जुनी खाटेवरची रचना: तू भिंतीकडे, मी कडेला, आणि रोज रात्री मी खाली पडायचो. तू आला असतास तर या वेळी पडलो नसतो. मी 'आण' म्हणणारच होतो. तेवढ्यात मागून पोरांचा कलकलाट ऐकू आला. विचारलं तर म्हणाला, आज रविवार, सगळी पोरं टेकडीवर आईच्या थडग्याकडे निघालीत, डबे भरून. राख इकडे राहिली तर बाबांनाही तिथेच भेटतील. दर रविवारी जातात, दादा! आम्ही वर्षातून एकदा डोंगर चढतो आणि उतरल्यावर आठवडाभर पायाला तेल चोळतो. मी गेलो की तिथे कोयता घेऊन कोण जाणार? सौ-लिन बटणं विकेल की झुडपं तोडेल?

म्हणून मी त्याला फार सुंदर भाषेत समजावलं. मूळ, पान, वारा, परकी माती आपली होते, सगळं काही. त्याने ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, म्हणजे आणू की नको?"

शेवटी मी त्याच्या भाषेत आलो. म्हटलं, "रामिरो, ऐक. गिऱ्हाईक नीट बसलंय. टेबल बदलू नको. तिथेच वाढ."

मग तो म्हणाला, "हो काका. तिथेच वाढतो. गरम गरम."

आता उरलं उद्याच्या पुडक्याचं. पूजेच्या सामानाच्या दुकानातल्या 'हो' आडनावाच्या काकूंनी पहिलाच प्रश्न टाकला, "पत्ता?" पुडक्यावर नाव आणि गाव नीट नसेल तर भलतीच भुतं मधल्या मध्ये माल उचलतात, हे खरंच. मी म्हणालो, लिमा. काकू म्हणाल्या, "ते कुठल्या जिल्ह्यात?" मी म्हणालो, समुद्रापलीकडे, दोन विमानं बदलून. त्यांनी मला कागदाचं विमान दाखवलं, कागदाचा पासपोर्ट दाखवला, कागदाचा मोबाइल, चार्जरसकट. म्हणाल्या, "तिथली भुतं आपली लिपी वाचतात का पण?" याचं उत्तर बाकारीकडे होतं. त्याच्या ओळखीचा एक दलाल तिकडच्या बंदरात माल पाठवतो. त्याच्याकडून त्याने तुझा पत्ता तिकडच्या लिपीत लिहून आणला, आणि वर चिकटवायला खरी माल पाठवायची चिठ्ठी: नाजूक वस्तू, ही बाजू वर. काकूंनी ती वाचून घेतली आणि म्हणाल्या, "हं, आता पोचेल. ही बाजू वर असली की धूरही वर जातो." तेव्हा विमान, पासपोर्ट, एक कागदी हंस, आणि हे पत्र. पासपोर्ट कशाला, असं सौ-लिन विचारत होती. असू दे म्हटलं. कागदपत्रं असलेली बरी.

तर असं आहे. मी आता हे सगळं नीट समजून घेतलं आहे. माणूस निघतो म्हणजे निघतो, मास्तरला दोनदा सांगावं लागत नाही. तू तिकडे सुखाने राहा, डोमिटिला वहिनींना नमस्कार सांग, आईबाबा भेटले तर बाबांशी आधी तू बोल. माझी काळजी करू नकोस. मी व्यवस्थित जेवतो.

तुझा धाकटा,
शेपूट

ता. क. स्वेटर जाळत नाही. सौ-लिन म्हणते, लोकर जळताना फार वास येतो. तेच कारण आहे.

ता. क. हंस त्या दिवशी बाकारीनेच खाल्ला. आता तो अधूनमधून सकाळच्या चहाला येतो आणि मला चहा ओततो. मी बोटं वाजवली की तोही वाजवतो, ओतणाऱ्याने वाजवायची नसतात हे त्याला अजून कळलेलं नाही. मी सांगितलेलं नाही.

ता. क. वर लिहिलं ते सगळं खरं, फक्त एक सोडून. रामिरोचं वाक्य मी मास्तर म्हणून पुन्हा तपासलं. 'बाबा निघाले.' व्याकरण शुद्ध आहे, कुठेही चूक काढता येत नाही. आणि जो निघाला तो कधीतरी पोचतोच, नाही का? म्हणून मी अजून विमानतळावर जातो. सौ-लिनला सांगू नकोस. (तीच गाडीने सोडते. म्हणते, तिकडे बटणांचं गिऱ्हाईक यायचंय. गाडीत बसून राहते, गिऱ्हाईक कधीच येत नाही.) चान दादांचा त्रास मात्र आता बंद झाला, कारण पाटी नवी केली आहे. आईने कान धरला तरी चालेल, पण या वेळी पूर्ण नाव लिहिलं आहे: चान युन-होंग. आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. नावाच्या पहिल्या अक्षराची शाई थोडी ओघळली, बाकी चांगलं आलंय. तर पासपोर्ट जवळ ठेव, आणि एकदाच, एवढ्यासाठी ये. मी बाहेर पडायच्या दारासमोरच्या खांबाशी उभा असतो, स्वेटर घालून. ओळखलं नाहीस तर 'शेपटा' अशी मोठ्याने हाक मार. सगळा विमानतळ हसला तरी चालेल. त्या नावाने हाक मारणारं इथे आता दुसरं कुणी नाही.